गाळलेल्या आयतीचं पत्रक

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, "शोधून देते." समोरच्याला वाटतं, हरवलेली माणसं शोधत असेल, नाहीतर मुलींना स्थळं. मग खुलासा करावा लागतो. मी कुराणात शोधून देते. अमुक गोष्ट त्यात आहे का, असली तर कुठे, किती वेळा, आणि तिच्या मागेपुढे काय म्हटलंय. सांगलीत एका सायकलच्या दुकानावर खोली आहे. काही निवृत्त शिक्षकांनी तिथे छोटं वाचनालय काढलं. त्याच्या कोपऱ्यात माझं टेबल, टेबलावर संगणक आणि प्रिंटर, समोर दोन बाकडी. दहा वर्षं झाली मी तिथे बसते. वय तेहतीस. या वयात आठवणी लिहिणं आगाऊपणाचं दिसेल. पण डॉक्टर, वकील, फौजदार दर दिवाळीला आपापले किस्से लिहितात, आणि माझ्या धंद्यातली माणसं आपल्या भागात दुसरी असली तर मला भेटलेली नाहीत. म्हणून हा आगाऊपणा.

मी पत्रकांवर वाढले. वडील माधवनगरला गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका छापखान्यात लागले आणि तिथे त्यांना त्यांचं खरं काम सापडलं. हुंडा घेऊ नका. तोंडी तलाक हा गुन्हा आहे. पोरीला शाळेतून काढू नका. दिवसा लग्नपत्रिका छापायच्या आणि उरलेल्या कागदावर ही पत्रकं. घरी आम्ही भावंडं घड्या घालायला बसायचो. माझी बाराखडी त्या पत्रकांवर झाली, त्यामुळे मला 'क' कमळातला आधी भेटला नाही, कायद्यातला भेटला. अब्बांचे दोनच नियम होते. पत्रक चहा संपेपर्यंत वाचून झालं पाहिजे, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव पाहिजे. "बिननावाचं पत्रक म्हणजे अंधारात मारलेला दगड," ते म्हणायचे.

या सगळ्या लहानपणात एक वाक्य मला चावत राहिलं. अब्बा कुणाशीही वाद घालोत, समोरचा शेवटी म्हणायचा, "कुराणातच लिहिलंय तसं." संपलं. अब्बांना अरबी येत नव्हतं, समोरच्यालाही येत नव्हतं. कुठे लिहिलंय, कोणत्या सुरेत म्हणजे अध्यायात, कितव्या आयतीत म्हणजे ओळीत, हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगत नव्हतं. मी ठरवलं, मी विचारणार.

संगणकाची पदवी घेतली, आणि संध्याकाळी अरबी शिकायला एका म्हाताऱ्या शिंप्याकडे जाऊ लागले. हे हाफिजसाहेब. मूळचे साताऱ्याचे, तिथे राजवाड्याजवळ त्यांचं शिवणकाम होतं. मुलगा सांगलीत नोकरीला म्हणून म्हातारपणी इकडे आले. हाफिज म्हणजे ज्याला सगळं कुराण तोंडपाठ आहे तो. ते मशीन चालवता चालवता म्हणत राहायचे, आणि पाय थांबला तरी तोंड थांबायचं नाही.

आता धंद्याची गोष्ट, सोप्या शब्दांत. कुठेतरी, कुणीतरी, वर्षानुवर्षं बसून कुराणातला एकेक शब्द सुटा केला. प्रत्येक शब्दाचं मूळ लिहिलं आणि तो सगळा साठा कुणालाही वापरता येईल असा खुला ठेवला. ज्यांनी हे केलं त्यांना मी मनोमन रोज सलाम करते. अरबीत बहुतेक शब्द तीन, क्वचित चार अक्षरांच्या एका मुळातून फुटतात. तुम्ही मूळ द्यायचं, साठा त्या मुळाचे सगळे शब्द काढून समोर ठेवतो, पत्त्यासकट. मराठी भाषांतरातही शोधता येतं, पण ते फसवं. भाषांतर करणारा एकाच शब्दाला इथे 'भूकंप' म्हणतो, तिथे 'हादरले' म्हणतो. तुम्ही 'भूकंप' शोधलात तर अर्धा माल हाती लागतो.

भूकंपाचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. माझ्याकडे आलेला पहिलाच खरा प्रश्न कोयनानगरचा होता. धरणाच्या वसाहतीत आयुष्य काढलेले एक गृहस्थ घाट उतरून आले. म्हणाले, "आमच्याकडं धक्के नवीन न्हाईत. भांडी वाजली की आमी भांडी धरतो. पण आई लय घाबरलीया. कुणीतरी तिला सांगितलंय, बायकांच्या पापानं जमीन हलती, कुराणात हाय म्हणून. ऐंशी वर्षांची बाई, रोज विचारती, माझं काय चुकलं रं? तेवढं बघून द्या."

मी मूळ टाकलं. चार आयती निघाल्या. दोन कयामतच्या दिवसाबद्दल. आणि उरलेल्या दोनांत जमीन हलतच नाही, माणसं हलतात, संकटात सापडलेली श्रद्धावान माणसं आतून हादरतात. मला काय आनंद झाला! मी त्यांना ऐटीत सांगितलं, शिक्षेचा कुठे पत्ता नाही. ते चहा पीत होते तेवढ्यात हाफिजसाहेब जिना चढून आले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, हादऱ्याला अजून एक शब्द आहे. तो राहिला." आणि डोळे मिटून म्हणून दाखवला. तो शोधला तर शिक्षेचे भूकंप निघाले की! जुन्या काळच्या लोकांवर आलेले. पण कुणावर? एक टोळी गर्वाने माजलेली, दैवी खूण असलेली सांडणी मारणारी. दुसरे, एका पैगंबराने निवडून नेलेले सत्तर पुरुष. आणि तिसरे चक्क व्यापारी, मापात मारणारे. बायकांचा उल्लेख नाही.

कोयनेचे गृहस्थ हसायला लागले. "म्हंजे आईचं काय न्हाई. आमच्या वाण्याला सांगायला पायजे." मी सगळं मराठीत छापून दिलं, दोन्ही शब्दांचं. पुढे त्यांचा निरोप आला, आई आता धक्का बसला की वाण्याला शिव्या देते.

त्या दिवशी माझी काम करायची रीत ठरली. साठा शब्द शोधतो, पण त्याला काय विचारायचं राहिलं हे तो सांगत नाही. हाफिजाला मधलाच शब्द विचारला तर त्याला वेळ लागतो, पण एक टोक दिलं की पुढचं सगळं त्याच्या जिभेवर धावत येतं. एकाला पत्ते माहीत आहेत, दुसऱ्याला रस्ता. मी दोघांना जुंपलं. कुठलंही उत्तर हाफिजसाहेबांनी ऐकून होकार दिल्याशिवाय खोलीबाहेर जाणार नाही, असा नियम केला. हा नियम पुढे मीच मोडला. ते सांगणारच आहे.

त्याआधी साताऱ्याचे बंगलेवाले. प्लॉट विकायचा व्यवसाय. कालव्याकाठी जागा घेतली होती आणि फलकावर टाकायला त्यांना आयत हवी होती. "ते जन्नतचं हाय बघा, बागा आन् खालून वाहणारे पाट. आमच्या प्लॉटच्या खालूनच कॅनॉल जातोय. एकदम फिट!" मी शोधलं. ते वर्णन तीसहून जास्त ठिकाणी येतं. मी सगळी पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, साहेब, या बागा कुणाला मिळणार ते बहुतेक ठिकाणी त्याच्या आधीच लिहिलंय. सत्कर्म करणाऱ्याला, सबुरी ठेवणाऱ्याला, दान देणाऱ्याला. फलकावर टाकायचं तर पूर्ण टाका. अर्धी ओळ मी देणार नाही.

"आवं ताई, एवढं कोण वाचतंय? गाड्या साठनं जात्यात."

"मग मोठा फलक लावा."

गृहस्थ उठून गेले. मी ही गोष्ट पुढे वर्षभर येईल त्याला सांगितली. अर्धी ओळ देणार नाही! काय तोरा होता माझा.

आणि मग जमिलाआपा आल्या.

शिराळ्याच्या पेठेत त्यांच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. नागपंचमीच्या आधी आठ दिवस त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जमिलाआपा विधवा होऊन दोन लेकरं घेऊन माहेरी आल्या, तेव्हा वडिलांचे हात थरथरायला लागले होते. बांगडी भरणाऱ्याचा हात थरथरला की धंदा संपला, कारण काच फुटली तर गिऱ्हाइकाच्या मनगटात घुसते. तेव्हापासून गादीवर आपाच बसल्या. वडील गेले. आई आधीच गेलेली. मागे दोघंच, आपा आणि धाकटा भाऊ महबूब. महबूबचं मोबाइल दुरुस्तीचं खोपटं होतं भाड्याच्या जागेत. त्याला आता बांगड्यांचं दुकान पाडून तिथे मोबाइलचं मोठं दालन करायचं होतं. त्यासाठी आपांची सही हवी होती, हक्कसोड पत्रावर.

हक्कसोड पत्र काय असतं हे आपल्या भागातल्या बाईला सांगायला नको. बापाच्या मिळकतीतला माझा हक्क मी राजीखुशीने सोडते, असं लिहिलेला कागद. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, आणि भाऊ तिला साडी नेसवतो. यात हिंदू, जैन, मुसलमान असा भेद नाही. या बाबतीत आपली एकी वाखाणण्यासारखी आहे.

आपा बाकावर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "महबूब म्हणतोय, लग्नात दिलं तेच लेकीचं, त्यापुढं तिला काय न्हाई. कुराणातच हाय म्हणतोय. मी चार बुकं शिकले न्हाई. तू बघ. तसं असलं तर उद्या सही करते. अल्लाच्या पुढं माझं काय चालायचं न्हाई. पण नसलं तर मरस्तोवर करणार न्हाई. ती गादी सुटली तर मी करू काय? मला दुसरं काय येतंय?" त्यांनी हात पुढे केले. तळव्यांवर काचेचे बारीक वण होते. "पुढल्या आईतवारी जमातीची बैठक हाय. तवर सांग."

जमात म्हणजे गावातल्या मुसलमानांची पंचायत. बैठकीला दहा दिवस होते.

आमच्या धंद्यात 'आहे' सोपं आणि 'नाही' अवघड. आहे म्हणायला एक ओळ पुरते. नाही म्हणायचं तर सगळं पुस्तक पालथं घालावं लागतं. वारशाचं मूळ घेतलं, त्याची प्रत्येक जागा वाचली. लग्नाचे शब्द, बायकोला द्यायच्या मेहरचे शब्द, देणगीचे शब्द, लेकीचे शब्द. तीन दिवस लागले. लग्नात दिलं की लेकीचा हिस्सा संपला, असं सांगणारी एकही ओळ नव्हती. मग हाफिजसाहेबांकडे गेले. त्यांनी शिवत असलेला झब्बा बाजूला ठेवला, पुन्हा उचलला, आणि पहिल्या सुरेपासून मनातल्या मनात सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुई झब्ब्यात खोचली आणि एक शब्द म्हणाले, "नाही."

ते 'नाही' माझ्या दहा वर्षांतलं सगळ्यात अभिमानाचं उत्तर आहे. तेवढं छापून आपांच्या हातात दिलं असतं तर पुरलं असतं. पण मी पत्रकवाल्याची मुलगी. मला नुसतं 'नाही' छापायचं नव्हतं, 'आहे'ही छापायचं होतं.

आणि आहेच. चौथ्या सुरेच्या सातव्या आयतीत स्वच्छ म्हटलंय की आईबापांनी आणि नातलगांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि बायकांचाही हिस्सा आहे, ते थोडं असो की फार. मी ती मोठ्या टायपात घेतली. खाली लिहिलं: 'लेकीचा हिस्सा खुद्द अल्लाने ठरवला. तो सोडायला लावणारे तुम्ही कोण?' आणि थांबले. चारच आयती पुढे, अकराव्यात, प्रमाण सांगितलंय. मुलाला दोन मुलींइतकं. म्हणजे लेकीला मुलाच्या अर्धं. ती मी घेतली नाही.

माझ्याकडे सबब तयार होती. सातव्या आयतीत हिस्सा म्हणायला जो शब्द आहे तो अकराव्यात नाही, तिथे दुसराच आहे. शोधात ती आली नाही, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं ठरलं असतं. ती ओळ मला पाठ होती. मला ती आवडत नव्हती. माझ्या पत्रकात 'अर्धं' हा शब्द मला नको होता.

हाफिजसाहेबांना मसुदा वाचून दाखवला. सातवी आयत ऐकली आणि त्यांची जीभ सवयीने पुढे निघाली. आठवी, नववी, दहावी, अकरावी. मग डोळे उघडून म्हणाले, "तू सातवीला थांबलीस?"

"पत्रकात जागा नाही."

"बेटा, मी चाळीस वर्षं शिवण केलंय. कापड कमी पडणं वेगळं आणि कापड चोरणं वेगळं."

मला राग आला. मी म्हटलं, "हाफिजसाहेब, तिची गादी जायची वेळ आलीय, आणि तुम्ही मला कापड बेतायला शिकवताय?" त्यांनी मशीन सुरू केलं. मी तडक छापखान्यात गेले. अब्बांनी वाचलं, पाठीवर थाप मारली, खाली माझं नाव टाकलं. शुक्रवारच्या नमाजानंतर शिराळ्यात पाचशे पत्रकं वाटली गेली.

रविवारी सकाळी उर्दू शाळेच्या वर्गात बैठक भरली. बायका दाराबाहेर उभ्या. जमिलाआपा मात्र आत आल्या आणि पोरांच्या पहिल्या बाकावर बसल्या. गुडघे मावेनात, तरी बसल्या. मी त्यांच्या शेजारी. समोर जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, भुसार मालाचे व्यापारी, भारदस्त माणूस. त्यांच्या दोन्ही अंगांना गावातली मोठी माणसं. सदरांनी महबूबला विचारलं, "तुझं म्हणणं काय?"

"माझं न्हाई, कुराणाचं म्हणणं सांगतो," महबूब म्हणाला. "लग्नात दिलं, विषय मिटला. लेकीला काय न्हाई. आमच्या आज्ज्यापास्नं असंच हाय."

मी उभी राहिले. तीन दिवसांचं काम सांगितलं, हाफिजसाहेबांचं 'नाही' सांगितलं, मग पत्रकातली सातवी आयत वाचली. मला वाटलं, झालं. जिंकलो.

महबूबने खिशातून मोबाइल काढला. "ताई, यंत्र काय तुमच्या एकट्याचं हाय व्हय? आमचा तर धंदाच त्यो." आणि सदरांकडे वळून, "साहेब, ह्या बाईनं फसवलंय तुमाला. निम्मंच छापलंय. हे बघा, मी काढलंय. चार ओळी खाली काय हाय ऐका." त्याने आधी अरबी वाचली, अडखळत, मग उर्दू तर्जुमा, मग सगळ्यांना कळावं म्हणून आपल्या मराठीत, खणखणीत आवाजात: "पोराला दोन वाटे, पोरीला एक! हे गाळलंय हिनं! विचारा तिला का गाळलं!"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. खरं होतं ते. जो माणूस खोटं बोलत होता त्याने मला खरं बोलून पकडलं होतं.

तेवढ्यात शेजारून जमिलाआपांचा आवाज आला. अगदी साधा, दुकानात बांगडीचं माप विचारावं तसा.

"महबूब, परत वाच रं जरा."

"काय?"

"आत्ता वाचलंस ते. पोरीला किती?"

"एक. निम्मं. सारखं न्हाई!"

"म्हंजे हाय."

महबूबने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं.

"मघाशी म्हणलास काय न्हाई. आता म्हणतोस एक वाटा हाय. तूच वाचलंस, मी कुठं वाचलं? मला तर वाचायला बी येत न्हाई."

दाराबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "लेकरानं स्वतःच्या तोंडानं दिलं की गं!" आणि बाहेरच्या सगळ्या बायका हसायला लागल्या. आतले पुरुष हसले नाहीत. मी सदरांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या डस्टरकडे बघत होते. त्यांच्या शेजारचे छताकडे. तेव्हा मला कळलं, त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कपाटात बहिणीने सही केलेलं एकेक हक्कसोड पत्र होतं. आत्ता भर वर्गात वाचली गेलेली ओळ सगळ्यांच्या कपाटांवर वाचली गेली होती.

सदरांनी डस्टर बाजूला सरकवला. "महबूब, तू वाचलंस ते बरोबर हाय. आता तू बी त्याला बांधील हाईस. जमिलाचा तिसरा वाटा." मग माझ्याकडे वळले. "आन् बाई, तुमचं पत्रक खोटं न्हाई, पण लंगडं हाय."

मी उभी राहून सांगितलं, "होय. ती ओळ मला माहीत होती. मी मुद्दाम गाळली. चूक माझी आहे." आयुष्यात मी पुष्कळ भाषणं केली, पण इतकं छोटं आणि इतकं जड कुठलं झालं नाही.

जाताना महबूब माझ्याजवळून गेला. कुजबुजला, "तुमी सगळं छापलं असतंसा तर मी वाचलंच नसतं." तो चिडून म्हणाला की हळहळून, हे मला अजून कळलेलं नाही.

सांगलीला परत आले ती थेट हाफिजसाहेबांकडे. सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या पत्रकाने जिंकली नाही ती. तू गाळलेल्या ओळीने जिंकली." आणि चहा मागवला.

अब्बांना म्हटलं, पत्रक मागे घ्यायचंय. त्यांनी आयुष्यात एकही पत्रक मागे घेतलं नव्हतं. चष्मा पुसत बसले. मग मला लाडाच्या नावाने हाक मारून म्हणाले, "वाटलेलं पत्रक मागं घेता येत नाही, तसू. दुसरं काढता येतं." दुसरं काढलं. त्यात सातवी आयत पूर्ण, अकरावी आयत पूर्ण, मधल्या तिन्हीही. वर माझी चूक, माझ्या नावासकट. आणि सगळ्यात खाली एक वेगळी चौकट, तिच्यात फक्त माझं मत: मला अर्धं मान्य नाही. हा लेक आणि ही लेक यांत मी भेद मानत नाही. हे मी म्हणते. हे माझं आहे, कुराणाच्या तोंडी घातलेलं नाही. ज्यांना भांडायचंय त्यांनी माझ्याशी भांडावं, पत्ता दिला आहे.

भांडायला आले पुष्कळ. काही अजून येतात. पण त्या पत्रकानंतर कुणी मला लबाड म्हटलेलं नाही, आणि माझ्या धंद्यात यापेक्षा मोठी कमाई नाही. आता माझ्या खोलीतून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मागच्या दहा आयती आणि पुढच्या दहा आयती असतात. कागद जास्त लागतो. लागू दे. हक्कसोडीचे कागद घेऊन बायका येतात, शिराळ्याच्या, इस्लामपूरच्या, कऱ्हाडच्या. एकदा सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याघरची एक काकू आली. "बाई, आमच्या पोथीतलं बी ह्या यंत्रात बघता येतंय का?" मी म्हटलं, काकू, तुम्हाला पोथी कशाला? तुमच्यासाठी कायदाच आहे, मुलाइतकाच हिस्सा. त्या म्हणाल्या, "कायदा मला ठाऊक हाय गं. भावाला पोथी दाखवायचीया." त्यांना वकिलाकडे पाठवलं. पण प्रश्न मनात राहिला. कायदा हातात असूनही बाई पोथी शोधत फिरते, यात पोथीपेक्षा भावाविषयी जास्त लिहिलेलं आहे.

शिराळ्याच्या दुकानाची वाटणी झाली. दर्शनी भाग नऊ फूट. सहा महबूबचे, तीन आपांचे, मध्ये प्लायवूड. गेल्या नागपंचमीच्या आधी आपांनी निरोप पाठवला, बांगड्या भरायला ये. गेले तर तीन फुटांसमोर बायकांची ही रांग! रांग महबूबच्या पायरीवरून पुढे गेलेली. तो आधी कुरकुरला, मग त्याने आतली स्टुलं बाहेर आणून बायकांना दिली, आणि बसल्या बसल्या दोघींना मोबाइलची कव्हरं विकली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर आपांनी माझा हात धरला आणि अंगठ्याचं हाड दाबत हिरव्या बांगड्या चढवल्या. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत असतो, सणाला आला होता. लेक गादीवर त्यांच्या शेजारी बसून बांगड्या भरत होती, आईचाच हात. आपा म्हणाल्या, "बरं झालं आलीस. आज मापं घ्यायची हायेत. वकील म्हणलाय, बक्षीसपत्र करायचं तर फूट-इंच लिहून आण."

"कुणाला देताय?"

"दोघास्नी. हाफिजसाहेबांना इचारून आले सांगलीला जाऊन. म्हणले, हयातीत लेकरांना देताना डावं-उजवं करू नका, अशी ताकीदच हाय हदीसमधी, पैगंबरांची." मग त्यांनी प्लायवूडवर थाप मारली. "महबूब, टेप घिऊन ये!"

महबूब टेप घेऊन आला. एक टोक त्याने भिंतीला लावलं, दुसरं आपांनी ओढलं. दीड फुटावर आपांनी फळीवर खडूने रेघ मारली. महबूब रेघेकडे बघत राहिला.

"आपा, मधोमधच मारलीस की. पोराला दोन वाटे ना? मीच तर वाचलं होतं."

आपांनी खडू कानामागे खोचला.

"ते मेल्यावरचं, रं. मी अजून जित्ती हाय. टेप नीट धर."